बुरैद्यातलं सारवण

चाळीस वर्षं जे मी नुसतं पायाखाली तुडवलं, ते करायला मी सौदीत जाऊन शिकलो, आणि तेही फोनवर, बायकोकडून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ती अजून हसते. पण त्या कामाच्या जोरावर मी एका गाईचा जीव वाचवलाय, आणि ही बढाई मी मरेपर्यंत मारणार आहे.

मी पंप फिटर, गाव रत्नागिरीच्या बाजूचं. पहिली चार वर्षं हफ्र अल बातिनला कॅम्पात काढली. एका खोलीत सहा जण, आणि खिडकी उघडली की समोर पत्रा. मग कफील, म्हणजे मला कामावर ठेवणारा मालक, बदलला, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नव्या नावावर झाला आणि मी बुरैद्याच्या बाहेर एका खजुराच्या मळ्यावर आलो. काम बोअरचे पंप सांभाळायचं. आता पंप चालू असला की फिटरला काय काम? आणि मला स्वस्थ बसवत नाही, हा जन्माचा दोष. हळूहळू नळ, कुंपण, कोंबड्यांचं खुराडं, गोठा, सगळंच माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, मीच ओढून घेतलं.

नवा कफील पूर्वी शाळामास्तर होता. निवृत्त झाला तरी बोलणं वर्गातलंच. त्याचा मुलगा शिकायला जपानला गेला होता आणि तिथे सुट्टीत खेड्यातल्या एका शेतकऱ्याकडे पाहुणा म्हणून राहिला होता. त्या घरी म्हणे शहरातली माणसं मुक्कामाला यायची, सकाळी उठून कोंबड्यांना दाणे टाकायची, शेतात राबायची आणि वर खूश होऊन जायची. शेतात खताची पिशवी नाही, फवारा नाही. पोरगा ते वेड डोक्यात घेऊनच परतला. बापालाही पटलं. मळ्यात चार खोल्या बांधल्या, रियाधची कुटुंबं सुट्टीच्या गुरुवार-शुक्रवारी राहायला येऊ लागली, आणि हुकूम निघाला: या मळ्यात विषाचा एक थेंब येणार नाही. जे करायचं ते जनावरांकडून आणि पालापाचोळ्याकडून करून घ्यायचं.

पोराने मला फोटो दाखवून सगळं समजावलं. सुकलेल्या झावळ्या झाडाच्या आळ्यात अंथरायच्या. बकऱ्यांच्या लेंड्या त्याखाली घालायच्या. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या, त्या किडे वेचतात. मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे बाबा, एवढ्यासाठी जपानला कशाला गेलास? माझ्या घरी आला असतास तर माझ्या आईने हे सगळं दाखवून वर चहा दिला असता. तोंडाने मात्र "झैन, झैन" म्हणालो. म्हणजे छान, छान. कफिलाच्या पोराला आणखी काय म्हणणार!

पण खोटं का बोलू, काम मला आवडलं. दुसऱ्या वर्षी आळ्यातली माती मुठीत दाबली तर तिचा गोळा झाला. पहिल्या वर्षी तीच वाळू बोटांतून गळून जायची. खजुराच्या सावलीत लसूणघास उभी राहिली. हौदात बदकं, झाडाखाली उकरणाऱ्या कोंबड्या, ओल्या आळ्यात लांब चोच खुपसणारा तुऱ्याचा हुदहुद पक्षी. बकऱ्या एका सुदानी गुराख्याकडे होत्या. उंच, सडपातळ आणि महा मितभाषी. बकऱ्यांशी मात्र तो तासन्‌तास बोलायचा. मी विचारायचो, "काय सांगतोस रे त्यांना?" तर म्हणायचा, "तुझ्याबद्दल सांगतो."

आणि होती बांडी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, उंच, हाडं वर आलेली गाय. एका मोठ्या डेअरीने दूध कमी म्हणून काढून टाकलेली. पाहुण्यांच्या पोरांना ताजं दूध दाखवायला कफिलाने आणली. आली तेव्हा तिला माणसाची सवयच नव्हती. धारा मशीनने काढायच्या, खाणं पट्ट्यावरून यायचं. मी जवळ गेलो की थरथरायची. महिनाभर मी रोज संध्याकाळी तिच्या मानेखाली खाजवत उभा राहिलो. एके दिवशी तिने जीभ काढून माझी सगळी बाही चाटून ओली केली. झालं, त्या दिवसापासून ती माझी. डेअरीने टाकलेली ती गाय सकाळ-संध्याकाळ बालदीभर दूध द्यायला लागली. मी गावी फोन केला की आधी तिची खबर सांगायचो, मग माझी. बायको म्हणायची, "अहो, मला सवत आणलीत की काय?"

सगळं बेस चाललेलं, आणि माशा झाल्या.

कशा झाल्या म्हणून काय सांगू! रुतब, म्हणजे पिकून मऊ झालेला ओला खजूर, झाडावर आला आणि गोठ्याभोवती नुसता गूं-गूं आवाज. एका गुरुवारी रियाधचं एक कुटुंब राहायला आलं होतं. त्यांच्या चहात माशी पडली. दुसरा कप आणला, त्यात दोन पडल्या. बाईसाहेबांनी नवऱ्याकडे तक्रार केली, नवऱ्याने कफिलाकडे, आणि ती मंडळी रात्रीचं जेवणही न जेवता गाडीत सामान भरून परत गेली.

कफील गोठ्यात आला. ओरडला नाही. तो ओरडत नाही हीच वाईट खूण. म्हणाला, "विष मी मारणार नाही. मुलाला शब्द दिलाय. मग राहिली गाय. माशा बकऱ्यांच्या नाहीत, या गाईच्या आहेत. तीन गुरुवार देतो. तिसऱ्या गुरुवारी माशा दिसल्या, तर शनिवारी कसायाची पिकअप येईल. मी त्याला आजच सांगून ठेवतोय."

बांडी मागे रवंथ करत उभी. तिला काय कळणार, तीन गुरुवार म्हणजे काय ते!

आता माझी अक्कल बघा. आमच्याकडे जागा स्वच्छ करायची म्हणजे काय करायची? सारवायची. पाहुणे येणार, सारवा. सण आला, सारवा. लग्न ठरलं, अंगण सारवा. गोठा स्वच्छ करायचा तर सारवण घालायचं, यात विचार कसला करायचा? लहानपणापासून सारवलेल्या जमिनीवर बसून जेवलो, झोपलो. घरी एक माशी फिरकायची नाही. मी सोमवारी सकाळी बालदीभर ताजं शेण घेतलं, पाणी ओतलं, बाह्या सरसावल्या आणि गोठ्याच्या वाळूवर हाताने फासायला सुरुवात केली. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. पण उत्साह दांडगा! गोठा झाला तसा मी पाहुण्यांच्या खोल्यांसमोरचं अंगणही घेतलं.

दुपारपर्यंत मळ्यातली एकूण एक माशी तिथे येऊन बसली. वाळूवरचं शेण सुकून पापुद्र्यासारखं वर उचललं गेलं. मी उलट्या दिशेने सारवत गेलो होतो, त्यामुळे मी स्वतः कोपऱ्यात अडकलो आणि चारी बाजूंना ओलं शेण. तेवढ्यात फाटकातून कफिलाची गाडी आत आली.

तो उतरला. माझ्याकडे बघितलं. कोपरापर्यंत माखलेले हात बघितले. म्हणाला, "माशा घालवायच्या तर शेण काढायचं. तू ते लावतोयस?"

माझं अरबी पंपापुरतं. प्रेशर, व्हॉल्व्ह, पाणी आहे, पाणी नाही. शेणाने जागा पवित्र होते हे त्यात कुठून सांगू? मी हातवारे करून "क्लीन, क्लीन" म्हणायला लागलो. माझ्या हातावरचं शेण त्याच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ तोबवर उडालं. त्याने खाली बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, "खलास. शनिवारपर्यंतही नको. उद्याच बोलावतो पिकअप."

मग मात्र मला राहवलं नाही. त्या ओल्या शेणातून तसाच तुडवत मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हिंदी, अरबी, जे तोंडाला येईल ते बोललो. सौदीला यायच्या खर्चासाठी मी घरची दुभती गाय विकली होती. गिऱ्हाईक तिला घेऊन निघालं तेव्हा मी मागल्या दाराने पाणंदीत जाऊन उभा राहिलो होतो, बघवत नव्हतं म्हणून. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. कसं सांगितलं? "मेरा घर गाय, खलास. शेख, ये गाय, नो खलास. प्लीज." एवढंच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात कुठे स्वच्छ होते!

त्याने तोबवरचं शेण झटकलं. मग म्हणाला, "ठीक, तिसऱ्या गुरुवारपर्यंत थांबतो. आणि आधी अंगण धू."

त्याच संध्याकाळी मी गावात जाऊन टेलिफोन केबिन गाठली. बायकोला सगळं सांगितलं. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना.

"अहो, तुम्ही? सारवलंत?"

"हस, हस. इथे मिनिटं जळतायत."

"माती किती घातलीत?"

"माती? माती कुठे घालतात?"

पुन्हा हसणं. शेजारच्या वहिनीला बोलावून सांगितलंन, मला ऐकू येत होतं. मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, "तुमच्या जन्मात कधी वाकून बघितलंत का, आम्ही काय करतो ते? नुसतं शेण फासलं की झालं सारवण? आधी जमीन चोपावी लागते. खाली वाळू आणि वर गाय, मग तिचं मूत जाणार कुठे? मुरणार तिथेच. माशा तिथेच होणार, नाहीतर काय!"

मी चाट पडलो. पंप फिटर मी! पाणी कुठे मुरतं, कुठे वाहतं, यावर माझी रोजीरोटी, आणि गोठ्याचा निचरा मला स्वयंपाकघरातून कळला.

तिने एकेक सांगितलं आणि मी सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. चिकणमाती आण. भुसा घाल. जमिनीला उतार दे. चोपून चोपून दगडासारखी कर. मग शेण-मातीचा पातळ हात, अर्ध्या गोलात, आणि मागे मागे सरकत दाराकडे यायचं, कोपऱ्याकडे नाही. शेणाचा ढीग करायचा नाही, पहाटे उचलून उन्हात पातळ पसरायचं आणि कोंबड्या त्यावर सोडायच्या. "आणि अहो," शेवटी म्हणाली, "गाईला सांगा, मी विचारलं म्हणून."

मळ्याच्या टोकाला एक सखल जागा होती. कधी पाऊस झाला तर तिथे पाणी साचायचं आणि आटल्यावर मातीला भेगा पडायच्या, अगदी आमच्या भाताच्या खाचरासारख्या. तिथून चिकणमाती आणली. चोपणं नव्हतं, तर खजुराच्या सुकलेल्या झावळीचा रुंद बुंधा तासला. मी धपाधप चोपायला बसलो आणि सुदानी दारात उभा राहून बघायला लागला. दुपारपर्यंत बघत होता. मी माती, शेण आणि भुसा कालवायला घेतला तसा पुढे आला, त्यात हात घातला, बोटांवर घोळवून बघितला आणि म्हणाला, "पाणी जास्त. आणि दोन दिवस भिजत ठेव."

"तुला काय कळतं रे यातलं?"

"आमच्या गावात सगळी घरं याच्यानेच लिंपतात. पावसाळ्याच्या आधी. मी स्वतः लिंपतो."

मी कपाळावर हात मारला. "अरे माणसा, गेल्या सोमवारी माझी एवढी फजिती झाली, तेव्हा का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठे?" म्हणाला.

असा राग आला म्हणता! पण रागवायला वेळ नव्हता. आम्ही दोघं कामाला लागलो. गोठ्याला एका बाजूला उतार दिला, शेवटी पन्हाळ काढली आणि ती सरळ खजुराच्या आळ्यात सोडली. गाईचं मूत वाळूत मुरायचं ते आता झाडाला मिळायला लागलं. दोन दिवस चोपलं, मग पहिला हात दिला. कोकणात सारवण सुकायला अर्धा दिवस जातो. बुरैद्यात? हात धुऊन येईपर्यंत सुकलेलं! ना वास, ना भेग. पाय ठेवला तर गार, घट्ट. बायकोने सांगितलेल्या अर्ध्या गोलांच्या रेघा ओळीने उमटलेल्या. मी बूट काढून त्यावर येरझाऱ्या घातल्या. कुणी बघितलं असतं तर वेडा म्हणाला असता.

दुसरा गुरुवार आला तेव्हा माशा निम्म्याही नव्हत्या, पण होत्या. कफील आला, गोठाभर नजर फिरवून गेला. त्या आठवड्यात मी बांडीला शेपटीपासून शिंगांपर्यंत रोज धुतलं. पहाटे शेण उचलायचं, पसरायचं, कोंबड्या सोडायच्या. कोंबड्या अशा तुटून पडायच्या की अळीला माशी व्हायला उसंतच नाही. बारा वाजेपर्यंत शेण खडखडीत. मग ते झावळ्यांखाली, आळ्यात. सुदान्याने बाटल्यांत आंबलेला खजूर भरून गोठ्याबाहेर टांगला, उरलेल्या माशा त्यात जाऊन बुडायला लागल्या. आम्ही रोज बाटल्यांत डोकावायचो. त्याही हळूहळू रिकाम्या राहायला लागल्या.

तिसऱ्या गुरुवारी, असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर, कफील आला. एकटा नाही. मुद्दाम तेच रियाधचं कुटुंब बोलावलं होतं, चहात माशी पडलेलं. मास्तर तो मास्तर, परीक्षा घ्यायची तर बाहेरचा परीक्षक पाहिजे! गोठ्यात बांडीसमोर खुर्ची मांडली. तिपाईवर रुतबची ताटली ठेवली, मधासारखी चिकट, पाकाने निथळणारी. माशीला यापेक्षा मोठं आमंत्रण नाही. म्हणाला, "एक कप कावा पितो. तोवर ताटलीवर माशी बसली नाही, तर गाय राहील."

कावा म्हणजे अरबी कॉफी, तिचा कप केवढा? बोटभर. मी म्हटलं, जिंकलो! पण तो पिता-पिता परत ओतायला लागला. एक कप म्हणाला होता, तीन झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलतो कुणाला! बांडी शेपटी हलवत उभी. पाहुणा भिंतीला टेकून बघत होता. सुदानी ओठांत काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक तिच्याशीच.

तिसऱ्या कपाला आली. एक माशी. कुठून आली देव जाणे. ताटलीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली आणि अगदी कडेच्या खजुरावर बसली.

मी बांडीच्या मानेवर हात ठेवला.

कफिलाने कप खाली ठेवला. माशीकडे बघितलं. मग तिच्या शेजारचाच खजूर उचलला, सावकाश तोंडात टाकला, बी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "ही पाहुणी आहे. पाहुण्याला कोणी मोजत नाही."

पाहुणा आधी हसला. म्हणाला, रियाधच्या आमच्या जेवणघरात याहून जास्त असतात. मग सुदानी हसला, जन्मात पहिल्यांदा मी त्याचे दात बघितले. मी हसतच नव्हतो, मला अजून कळलंच नव्हतं. कफिलाने पायातल्या चपला काढल्या, अनवाणी गोठाभर चालला, वाकून हाताने जमीन चाचपली. बाहेर वारा सुटला होता आणि अंगणात नेहमीसारखी धूळ उठली होती. पाहुण्याच्या बायकोने नवऱ्याला काहीतरी सांगितलं. नवरा कफिलाला म्हणाला, आमचा गालिचा इथेच आत अंथरू का? इथे धूळ नाही. आणि खरंच, जी मंडळी तीन आठवड्यांपूर्वी गोठ्यामुळे पळून गेली होती, ती गोठ्याच्या पडवीत गालिचा टाकून बसली, बांडीपासून चार हातांवर, आणि त्यांनी तिच्याच दुधाचा चहा मागितला!

कफील निघताना म्हणाला, "अंगणाला पण लाव ते." थोडं थांबून म्हणाला, "या वेळी माती घालून."

शुक्रवार असाच हवेत गेला. शनिवारी सकाळी फाटकाबाहेर हॉर्न वाजला. बघतो तर पिकअप. मागे लोखंडी जाळी, जाळीला दोर बांधलेला. कसायाला सांगून ठेवलेलं रद्द करायचं कफील विसरला होता. मी धावत खोल्यांकडे गेलो. कफील पाहुण्यांना निरोप देत होता. म्हटलं, "शेख, तो आलाय."

त्याने फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग मला काय सांगतोस? तू सांग त्याला."

इतक्या वर्षांत सौदीत मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मला सांगायचे, मी करायचो. मी फाटकाशी गेलो. ड्रायव्हर खाली उतरून दोर सोडत होता. विचारलंन, "गाय कुठाय?"

छाती भरून श्वास घेतला आणि असा ओरडलो की हौदातली बदकं उडाली, "गाय नाही मिळणार! खलास! यल्ला, जा!"

तो पुटपुटत गाडीत बसला. रिकामी पिकअप वळली, धूळ उडवत हमरस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी फाटक धरून उभा होतो. मग फाटक लोटलं, कडी घातली आणि तिथेच हमसून हमसून रडलो. आतून बांडी हंबरत होती. धारेची वेळ टळून गेली होती.